नाचणारा आकडा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

टर्मिनलचा मॅनेजर नंदकुमार गुप्ते याने आज स्वतः उठून मला खुर्ची दिली. पाणी विचारलं, कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. कार्डावर चांगलं ठसठशीत छापलंय, सुनयना जगदाळे. त्याने ते वाचलं, खिशात टाकलं आणि म्हणाला, "मॅडम, टाकी नऊ महिनाअखेर भरायची आहे, तेवढं बघा." जगदाळे हे आडनाव त्याला कुठेच टोचलं नाही. नऊ वर्षांपूर्वी याच माणसाने वीस जणांसमोर माझ्या बापाबद्दल काय म्हटलं ते मला तोंडपाठ आहे. "एवढे स्वच्छ आकडे टाकीत उतरून येत नसतात. हे चहाच्या टपरीवर बसून भरलेत." आणि हा विसरून मोकळा.

शाळेनंतर डायरी आज लिहायला घेतलीय. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही, आणि घरात आबांना सांगायची सोय नाही.

आधी काम काय ते लिहिते. जासईजवळचं हे टर्मिनल म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या लोखंडी टाक्या, भराव टाकलेल्या खारट जमिनीवर उभ्या. टाकीचा तळ आठ मिलिमीटरचा पत्रा. त्याला गंज लागतो तो खालून, जमिनीच्या अंगाने, आणि नुसता लागत नाही, जागोजाग खड्डे पाडतो. वरून बघाल तर तळ गुळगुळीत. म्हणून टाकी रिकामी करायची, धुवायची, आत उतरून पत्र्यावर प्रोब टेकवायचा. तो पत्र्यात आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून किती जाडी उरलीय ते सांगतो. सगळा तळ मोजत बसायला वेळ नसतो, फूटभराचे तीस चौकोन मोजतात. त्या तिसांवरून अख्ख्या तळातला सगळ्यात खोल खड्डा केवढा असेल ते संख्याशास्त्राने सांगायचं. ते माझं काम. आमच्या सीवूड्सच्या ऑफिसात मला आकडेवालीच म्हणतात.

टाकी सात अशीच मोजली होती. मोजली आबांनी, म्हणजे हौसेराव जगदाळ्यांनी, वडिलांनी. तळ अजून बरीच वर्षं टिकेल असा रिपोर्ट गेला आणि चौदा महिन्यांनी टाकी गळली. कॉस्टिक गंगाराम नावाच्या व्हॉल्व्ह ऑपरेटरच्या पायावर आलं. चौकशी झाली, गुप्ते वर लिहिलंय ते बोलला, आबांचं सर्टिफिकेट गेलं. त्यानंतर त्यांना कुणी टाकीत उतरवलं नाही. नऊ वर्षं ते खारघरच्या सहाव्या मजल्यावर बसून आहेत.

गंगाराम अजून तिथेच आहे, आता गेटवर बसतो. रजिस्टरमधलं माझं नाव वाचून म्हणाला, "जगदाले? हौसेरावची पोर का तू? बरा हाय ना तुजा बाप?" मी म्हटलं, बरे आहेत, आणि आत गेले. चला, एकाने तरी ओळखलं. पुढेमागे साक्षीला लागेल.

गुप्ते, तुला मी सोडत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सांगितलं आबांना. वाटलं भडकतील. ते उठले, कपाटावरून जाडी मोजायचं जुनं मीटर काढलं, फडक्याने पुसलं आणि विचारलं, "मोजतंय कोण?"

"शिवतेज."

"मग काळजी न्हाई. माझ्या हाताखाली शिकलाय तो."

शिवतेज आता आमच्याच ऑफिसात टेक्निशियन आहे. तळोज्यापासून उरणपर्यंत निम्मी पोरं आबांनी तयार केलीत. मग त्यांनी मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर मीटर लावून शिकवणी दिली, जशी काय मी नवीन पोरगी. "प्रोब टेकवला की कधीकधी आकडा नाचतो. चार, सात, चार, काहीच न्हाई. नाचणारा आकडा कधी लिहायचा न्हाई. दोन बोटं सरकायचं. आकडा बसतो. बसलेला आकडा लिहायचा." त्यांचं सगळंच असं. जेवताना टेबलावर पेला डुगडुगला तरी दोन बोटं सरकवतात आणि "बसला" म्हणतात.

इतका काटेकोर माणूस. आणि त्याला टपरीवर बसवला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गुप्तेच्या ऑफिसातून जुने रेकॉर्ड म्हणून एक फोल्डर आलं. त्यात टाकी सातचा तक्ता होता. टाईप केलेला, खाली गुप्तेची सही. आबांच्या हातचे मूळ कागद नाहीत. नसणारच.

मी तो तक्ता गंबेलच्या कागदावर, म्हणजे एका खास आलेखाच्या कागदावर, मांडला. डायरी आहे म्हणून साध्या भाषेत लिहिते. आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक बिल्डिंगमधला सगळ्यात उंच माणूस खाली बोलावला, त्यांची उंची मांडली, तर त्यावरून अख्ख्या खारघरमधला सगळ्यात उंच माणूस केवढा असेल याचा अंदाज बांधता येतो. खड्ड्यांचंही तसंच. प्रत्येक चौकोनातला सगळ्यात खोल खड्डा घ्यायचा, लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचा, आणि त्या खास कागदावर ठिपके साधारण एका सरळ रेषेत चढत जातात. ती रेष पुढे वाढवायची. तळात असे सतराशे चौकोन बसतात, तर सतराशेवर रेष कुठे पोचते ते बघायचं. झालं.

टाकी सातचे ठिपके चढतात आणि तीन मिलिमीटरपाशी आडवे पडतात. तिनाच्या वर खड्डा नाही. तिसात एकही नाही. गंज काय तीन आले म्हणून घरी जातो का? खोल खड्डे कुणीतरी काढून टाकलेत. उंच माणसांना घरात कोंडून बाकीच्यांची वरात काढलीय.

आबांनी खरे आकडे दिले, गुप्तेने टाईप करताना खोल होते ते खाल्ले, टाकी भरली, गळली, आणि नाव आबांचं आलं. नऊ वर्षं मला हेच वाटत होतं. आज कागदावर दिसलं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

सोमवार, १० नोव्हेंबर

शिवतेजने टाकी नऊचे आकडे आणून दिले. मांडले. तेच. तीनपाशी आडवे.

म्हणजे गुप्तेने शिवतेजला गाठला. नऊ वर्षांनी तोच डाव, फक्त या वेळी टाईप करायची वाट बघितली नाही, उगमालाच हात घातला. शिवतेज तरी असा निघेल वाटलं नव्हतं. आबांच्या ताटात जेवलेला माणूस.

जाताना गेटवर गंगाराम म्हणाला, "थंडी पडाया लागली ना पोरी, का हा पाय..." मी घाईत होते. विचारलं, "काका, त्या चौकशीच्या वेळी तुम्ही खोलीत होता का? गुप्ते बोलला ते ऐकलंत?"

"मी हास्पिटलान व्हतू."

म्हणजे याचा साक्षीला काही उपयोग नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

डोकं शांत ठेवून डाव टाकला. शिवतेजच्या आकड्यांवरून जो अंदाज निघतो तोच रिपोर्टात लिहिला. सगळ्यात खोल खड्डा चार पूर्णांक दोन मिलिमीटर, पत्रा आठचा, टाकी भरायला हरकत नाही. खोटं आहे मला माहीत आहे. ड्राफ्ट म्हणून पाठवला. गुप्तेने तो लेखी मान्य करू दे, मग वीसच्या वीस माणसांसमोर विचारीन, तिनाच्या वरचे खड्डे कुठे गेले, साहेब?

तासाभरात उत्तर. "मंजूर. छान काम, मॅडम. २४ तारखेला भरतो." आलास ना.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पुरावा पक्का करायला आबांची खिशातली वही मागितली. टाकीत उतरताना ते आकडे आधी तीत लिहायचे. वही त्यांनी जपून ठेवलीय, पानांवर अजून त्या वेळचे घामाचे डाग. ती आणि गुप्तेचा तक्ता शेजारी ठेवून एक-एक ओळ लावली.

तिसांचे तीस जुळले. दशांशसुद्धा.

काहीतरी चुकतंय. कदाचित आबांनी वही नंतर तक्त्यावरून लिहून काढली असेल. पण मग घामाचे डाग? उद्या शिवतेजला धरते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

शिवतेजला ऑफिसच्या जिन्यात गाठलं. सरळ विचारलं, गुप्तेने काय दिलं तुला? बिचारा इतका गोंधळला की आधी त्याला कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. मग कळल्यावर त्याचे डोळे भरले. बत्तीस वर्षांचा बाप्या माणूस. म्हणाला, "मॅडम, तुम्ही असं बोलाल वाटलं नव्हतं. आबांनी शिकवलंय तस्संच मोजलं मी. एक आकडा इकडचा तिकडं न्हाई. नाचला तिथं सरकलो, बसला तो लिहिला."

मी म्हटलं, नाचला तिथं म्हणजे किती ठिकाणी?

"असतात की, मॅडम. चौकोनात एखाद-दुसरं. तिथं पत्रा खालनं खडबडीत असतो, आवाज परत येत न्हाई नीट. म्हणून तर नाचतो."

खालून खडबडीत. खड्ड्यावर, खोल खड्ड्यावर, प्रोबला नीट उत्तर मिळत नाही म्हणून आकडा नाचतो. आणि नाचला की आबा दोन बोटं सरकतात. शिवतेज सरकतो. तळोजा ते उरण, निम्मी पोरं सरकतात. कुणी कोंडलं नव्हतं उंच माणसांना. त्यांच्या दारावरून आम्हीच शहाणपणाने पुढे गेलो.

ओट्यावर उभं राहून मी ऐकलं होतं हे. याच डायरीत लिहिलंसुद्धा. वर काटेकोर म्हटलंय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

शिवतेजला घेऊन टाकीत उतरले. आत भट्टी. त्याला सांगितलं, नाचेल तिथे सरकायचं नाही, खडूने गोल कर. तीस चौकोनांत एक्केचाळीस गोल झाले. मग प्रत्येक गोलावर बारीक प्रोब लावून, नुसता आकडा न बघता परत येणाऱ्या आवाजाची पडद्यावरची लाट बघत बसलो. वेळ खातं ते, पण लाट खोटं बोलत नाही.

घरी येऊन मांडलं. ठिपके तिनापाशी आडवे पडले नाहीत, सरळ वर गेले. सतराशेवर रेष पोचली सात पूर्णांक नऊला. पत्रा आठचा.

टाकी सातचं असंच होतं तर. आबांनी मोजलं होतं, इमानाने मोजलं होतं, आणि टाकी त्यामुळेच गळली.

आबा विचारत होते, काय निघालं? मी म्हटलं, चालू आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

गप्प बसले तर? चार पूर्णांक दोनचा रिपोर्ट त्याने मंजूर केलाय. टाकी भरेल, वर्ष-दीड वर्षात गळेल, सही गुप्तेची. या वेळी चौकशीत तो उभा. माझीही सही आहे, पण मी आकडेवाली, मी दिलेल्या आकड्यांवर गणित केलं. आकडे शिवतेजचे. शिवतेजचं काय ते तेव्हा बघू. आबांचं नाव कुठेच येत नाही. ते मरेपर्यंत म्हणत राहतील, मी मोजलं होतं, आणि ते खरंच असेल.

सकाळपासून हे मनात घोळवतेय आणि खोटं कशाला सांगू, गोड वाटतंय. गुप्ते घामाघूम होऊन उत्तरं देतोय हे चित्र मी दहा वेळा बघितलं. खाली कोण उभं असेल ते एकदाही बघितलं नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं. शिवतेजबद्दलचं ते वाक्यही आत्ता वाचलं. गुप्तेच्या तोंडी शोभलं असतं. खोडत नाही, राहू दे.

पण निर्णय त्यामुळे झाला नाही, उगाच साध्वी बनू नये. निर्णय झाला तो दुपारी भांडी घासताना. टपरीवर बसून आकडे भरणारा माणूस काय करेल? मनाने दोन-चार खोल आकडे टाकेल, खरं वाटावं म्हणून. तिनापाशी असे आडवे पडणारे ठिपके बसून भरता येत नाहीत. ते फक्त तळावर गुडघे टेकून, प्रत्येक खोल खड्ड्यावरून दोन बोटं सरकणाऱ्या माणसाच्याच हातून पडतात. शिवतेज टाकीत होता आणि त्याचे तसेच पडले. म्हणजे हाच कागद सांगतो की आबा टाकीत होते.

आणि हाच कागद सांगतो की टाकी त्यांच्यामुळे गळली. एक ठेवून दुसरं लपवता येत नाही.

मला गुप्तेला त्याचे शब्द गिळताना बघायचंय. त्यासाठी बापाची चूक चारचौघांत उघडी करावी लागणार असेल तर करीन. टाकी वाचेल ती वाचेल. मी चांगुलपणाने करत नाहीये.

गुरुवार, २० नोव्हेंबर

झालं. क्रमाने लिहिते.

मीटिंगला वीस नाही, बारा माणसं होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, ११ तारखेचा ड्राफ्ट चुकीचा आहे, मला माहीत असून पाठवला होता, मागे घेते. माझा साहेब माझ्याकडे बघत राहिला. माझ्या या कबुलीचं पुढे काय व्हायचं ते होईल. मग दोन आलेख लावले, शिवतेजचा पहिला आणि खडूनंतरचा. सात पूर्णांक नऊ.

गुप्ते म्हणाला, "मॅडम, चारवरून एकदम आठ? कॉम्प्युटरवर काहीही निघतं."

"मग पत्रा कापा."

सगळ्यात वाईट गोलाभोवतीचा तुकडा दुपारी कापला आणि उलटा करून तिथेच भुईवर ठेवला. वरून गुळगुळीत, खालून देवीचे व्रण उठल्यासारखा. मधल्या खड्ड्यात शिवतेजने खोली मोजायचा गेज घातला. सात पूर्णांक दोन. म्हणजे उरलं होतं पाऊण मिलिमीटर, आमच्या दुधाच्या पातेल्याच्या बुडाएवढं. हे फक्त तीस चौकोनांतलं. बाकीचे सोळाशे सत्तर कुणी बघितलेत? गुप्ते उकिडवा बसून बघत होता. उठला तेव्हा म्हणाला, "भरत नाही टाकी. तळ बदलू."

तेव्हा मी टाकी सातचा आलेख काढला. सांगितलं की हा तसाच आडवा पडतो, का पडतो, आणि टपरीवर बसून का पडू शकत नाही. म्हटलं, "२०१६ साली तुम्ही हौसेराव जगदाळ्यांना काय म्हणालात ते आठवतंय? मी त्यांची मुलगी."

आता आठवलं त्याला. माझ्याकडे बघितलं, आलेखाकडे बघितलं. हुशार आहे मेला, लगेच समजला. हळूच म्हणाला, "म्हणजे ते आत होते. आणि टाकी त्यांच्याच हातानं गळली."

"हो. दोन्ही लिहा."

त्याने मिनिट्समध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं. पहिलं वाक्य: टाकी क्र. ७ चे मोजमाप श्री. हौसेराव जगदाळे यांनी टाकीत प्रत्यक्ष उतरून केले होते. त्याबाबतचा माझा आरोप चुकीचा होता. दुसरं: तथापि, अस्थिर आकडा टाळून प्रोब सरकवण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे खोल खड्डे नोंदले गेले नाहीत व टाकी गळण्याचे ते कारण ठरले. खाली त्याची सही, त्याखाली माझी. दुसऱ्या वाक्याखालीही माझी.

नऊ वर्षं ज्याची वाट बघितली तो कागद पर्समध्ये घालून निघाले. वाटलं होतं नाचावंसं वाटेल. सबंध वाटभर तो एकदाही बाहेर काढला नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आबांना कागद दिला. चष्मा लावून वाचलं. पहिलं वाक्य दोनदा वाचलं, ओठ हलत होते. दुसऱ्याला वेळ लागला.

"ही सही तुझी?"

"हो, आबा."

"दुसऱ्याखाली बी?"

"हो."

मला वाटलं चिडतील, रडतील, काहीतरी. त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग विचारलं, "म्हणजे नाचत होता ते खड्डाच सांगत होता व्हय मला?"

मी हो म्हटलं.

"आणि मी त्यालाच गप बस म्हणत होतो."

जेवले नाहीत. संध्याकाळी आतून विचारलं, "गंगारामचा पाय कंचा गं? डावा का उजवा?"

मला माहीत नव्हतं. तीन आठवडे त्या गेटातून आत-बाहेर केलंय, आणि मला माहीत नव्हतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

आबांना जासईला घेऊन गेले. त्यांनीच सांगितलं होतं, "मीच जाऊन सांगतो त्याला. तू नुसती पोचव."

गंगारामचं घर गावात आत आहे, मागच्या बाजूला कंटेनरची उतरंड. तो ओट्यावर बसला होता. आबांना बघून उठायला गेला, आबांनी खांदा दाबून बसवला आणि उभ्यानेच, शाळेत पाठ म्हणतात तसं म्हणाले, "गंगाराम, टाकी सात मी चुकीची मोजली. टपरीवर बसलो नव्हतो, आत होतो. पण चुकीची मोजली. तुझा पाय माझ्यामुळं गेला."

गंगारामने घरात हाक मारून पाणी मागवलं. आबा पाणी प्यायले तेव्हा तो म्हणाला, "तू आत व्हतास ता मना म्हाईत हाय. टाकीतशी भायेर आलास त्या दिशी, सगला घामान भिजलेला, तवा पानी मीच दिलता तुला. दोन तांबे प्यालास. इसारलास?"

आबांनी रिकामा पेला भुईवर ठेवला.

"मग काका, सांगितलं का नाहीत कुणाला?" मी विचारलं. आवाज चढला माझा.

"कोनाला सांगनार? कोन इचाराया आला? दोन महिने हास्पिटलान व्हतू. मी बायकोला बोललू, हौसेराव येल मना बगाया, मंग सांगू आपुन साहेबाला, का हा मानूस आत व्हता. तू आलास नाय. परत कामावर गेलू तवा तू दिसला नाय." मग माझ्याकडे वळला. "तुला बी इचारला मी, बाप बरा हाय का. तू बोललीस बरे हायेत, नि गेलीस आत."

रागाने बोलला असता तर मी भांडले असते. तो रागाने बोलत नव्हता.

या सबंध वहीत मी गुप्तेचा उद्धार करत बसलेय. गुप्ते चुकला होता आणि त्याला मी वाकवलाय, त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पण नऊ वर्षांत कुणीही, आबांनी, मी, एकदा या ओट्यावर येऊन याला कसा आहेस विचारलं असतं, तर आबांचा एक साक्षीदार इथे दोन तांब्यांसकट बसला होता. आम्ही आमचा अपमान कुरवाळत खारघरमध्ये बसलो. मी तर परवा परवा इथेच लिहिलंय, याचा साक्षीला उपयोग नाही.

आबा खाली बसले, त्याच्या समोर, भुईवर. "दाखव," म्हणाले. गंगारामने उजव्या पायाचा मोजा काढला. घोट्याखाली कातडी आक्रसलेली, दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. मी मान वळवली. आबांनी वळवली नाही. पाय मांडीवर घेऊन बराच वेळ बघत होते.

मग मी विचारलं, "काका, दुखतो का अजून?"

"थंडीन दुकतं," तो म्हणाला. "बस आता तू बी. चाय ठेवलाय."

आम्ही चहा पिऊन, दिवस मावळायच्या आत निघालो. पुढच्या रविवारी परत यायचं आबांनी त्याला कबूल केलंय.